गाडी रोज सलग किती धावते? छोट्या डिझेल एसयूव्हीचा नांदेड-लातूरपुरता आढावा

नांदेड आणि लातूरकडे गाडी घ्यायचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो. सोयाबीनची रास झालेली असते, आडतीवरून पट्टी हातात आलेली असते, नोकरदारांच्या खात्यात फरकाची रक्कम पडलेली असते, आणि घरोघरी महिनाभर एकच चर्चा चालते: डिझेल घ्यायची का पेट्रोल? त्याच्याच पोटात बाकीचे प्रश्न येतात. ॲव्हरेज किती देते, पिकअप कसा आहे, पासिंगला किती जातात, विकताना किती येतील, दहा वर्षांनी सरकार बंद करणार हे खरं का? या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न यायला हवा, आणि तो शोरूममध्ये सहसा कुणी विचारत नाही. तुमची गाडी एका दमात, न थांबता, किती किलोमीटर धावणार आहे? आजच्या बीएस-६ डिझेल गाडीचा निकाल माझ्या मते याच उत्तरावर लागतो. डिझेलचा भाव आणि ॲव्हरेज त्यानंतर.

ही छोटी एसयूव्ही मुळात जन्मली करामुळे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीला अबकारी करात सवलत मिळाली. अट अशी की लांबी ४ मीटरच्या आत हवी, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. पुढं जीएसटी आला तरी ही रेघ कायम राहिली. म्हणून आज टाटा नेक्सॉनची लांबी ३९९५ मिलिमीटर आणि डिझेल इंजिन १४९७ सीसीचं असतं, किया सोनेट ३९९५ मिलिमीटर आणि १४९३ सीसी. आपल्या गावोगावची बोलेरोसुद्धा याच हिशोबानं आखूड झाली. २०१६ मध्ये महिंद्राने बोलेरो पॉवर प्लस ४ मीटरच्या आत बसवली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आतल्या गाड्यांवरचा कर २८ टक्के जीएसटी आणि डिझेलचा ३ टक्के उपकर असा ३१ वरून थेट १८ टक्क्यांवर आला. रेघेबाहेरच्या मोठ्या गाड्यांना ४० टक्के. क्रेटा घ्यायची का सोनेट-व्हेन्यू, या वादात हा फरक नीट धरला पाहिजे. ४.३ मीटरच्या गाडीत मागे तिसरा माणूस मोकळा बसतो आणि डिकीत लग्नाचं सामान मावतं, हे खरं. पण त्या फुटभर लांबीवर सरकार दुपटीहून जास्त दराने कर घेतं.

डिझेलमध्ये आता पर्याय मोजकेच उरलेत. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. २०१६ ला आलेली विटारा ब्रेझा सुरुवातीची चार वर्षं फक्त डिझेलमध्ये मिळत होती, आजची ब्रेझा डिझेलमध्ये मिळत नाही. रेनोने डस्टरचं डिझेल थांबवलं. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादनच गुंडाळलं, आणि इकोस्पोर्टचे चाहते अजून हळहळतात. राहिलं कोण? टाटा नेक्सॉन, महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ, ह्युंदाई व्हेन्यू, कियाच्या सोनेट आणि सायरॉस, शिवाय बोलेरो आणि बोलेरो निओ. नेक्सॉन रांजणगावात बनते, २०२५ च्या शेवटी आलेली नवी व्हेन्यू तळेगावात. म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यावरच्या बऱ्याच डिझेल गाड्या महाराष्ट्रातच तयार होतात.

आता पैशाचा हिशोब. तो लोक अर्धाच मांडतात. पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे बारा-तेरा रुपयांचा फरक, वर ॲव्हरेज जास्त, म्हणजे डिझेल फायद्याचं, इथेच गणित संपवतात. पूर्ण मांडून बघू. समजा एकाच मॉडेलची पेट्रोल गाडी शोरूमच्या भावात ११ लाखांना आहे आणि तेवढ्याच सोयींची डिझेल १२ लाख २० हजारांना. महाराष्ट्रात एकरकमी वाहन कर इंधनाप्रमाणे बदलतो. पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांना १२ टक्के, तर डिझेलला अनुक्रमे १३ आणि १४ टक्के. पेट्रोल गाडीचा कर झाला १ लाख ३२ हजार, डिझेलचा १ लाख ७० हजार ८००. किमतीतला फरक १ लाख २० हजार आणि करातला जवळपास ३९ हजार, म्हणजे १ लाख ५९ हजार. विमा थोडा वाढतो तो धरून १ लाख ६५ हजार म्हणू. कर्जावर घेतली तर पाच वर्षांत या वाढीव रकमेचंच व्याज चाळीसेक हजार होतं. (१० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस लागतो, तो आयकराच्या विवरणात परत मिळतो. गाडी कंपनीच्या नावावर घ्यायचा विचार असलेल्या व्यापाऱ्यांनी मात्र आधी आरटीओत चौकशी करावी, तिथं कराचा दर २० टक्के आहे.)

समोरची बाजू अशी. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. आपल्याकडे इंधन डेपोपासून लांब येतं, त्यामुळे दर पुण्या-मुंबईपेक्षा थोडे चढेच असतात, आणि राज्यातलं सर्वांत महाग पेट्रोल शेजारच्या परभणीत, अशी बातमी तर अधूनमधून येतच असते. मिश्र वापरात पेट्रोल गाडी १४ चं आणि डिझेल १९ चं ॲव्हरेज देते असं मानलं तर किलोमीटरला पेट्रोलचा खर्च साडेसात रुपये आणि डिझेलचा ४ रुपये ८४ पैसे. वाचले २ रुपये ६५ पैसे. रोखीने घेतलेल्या गाडीचे वाढीव पैसे वसूल व्हायला ६२ हजार किलोमीटर लागतात, हप्त्याने घेतली तर ७७ हजार. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्याला याला साडेसहा ते आठ वर्षं लागतील. २,००० किलोमीटर फिरणाऱ्याला अडीच ते सव्वातीन. विकताना डिझेलला थोडी जास्त किंमत येते, तेवढा काळ कमी धरायला हरकत नाही.

मराठवाड्यात दुसऱ्या गटातली माणसं कमी नाहीत. नांदेडला घर आणि कंधारला, मुखेडला, भोकरला शाळा, अशी अपडाऊन करणारी शिक्षक मंडळी घ्या. जाऊन-येऊन रोज शंभर किलोमीटर पडतात, वर्षाला वीस-बावीस हजार. चौघं मिळून डिझेल वाटून घेतात आणि गाडीचा हप्ता त्यातून हलका होतो. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, उदगीर-निलंगा-अहमदपूर असा बाजार फिरणारे व्यापारी, हैदराबादला पेशंट नेणारी कुटुंबं, लातूरला शिकवणीला ठेवलेल्या मुलांकडे दर रविवारी डबा घेऊन जाणारे आईवडील, या सगळ्यांचं धावणं लांब पल्ल्याचं. पण त्याच शोरूममध्ये तरोडा नाक्यावरून वजिराबादला दुकानात जाणारा, किंवा औसा रोडवरून गंजगोलाईला जाऊन परत येणारा माणूसही डिझेलच मागतो. घरी ट्रॅक्टर डिझेलचा, वडिलांची जीप डिझेलची, मग गाडीही डिझेलची. त्याला कुणीतरी थांबवायला हवं, आणि त्याचं कारण पैशापेक्षा इंजिनात आहे.

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. जुनी जीप चढावर काळा धूर सोडायची, तो धूर म्हणजे काजळी. ती आता बाहेर न सोडता या गाळणीच्या बारीक भोकांत अडवली जाते. अडवलेली काजळी कधीतरी जाळावी लागते. गाडी महामार्गावर सलग चालली की धुराची उष्णता वाढते आणि बरीचशी काजळी आपोआप जळते. तेवढ्याने भागलं नाही तर गाडीचा संगणक स्वतः काम हातात घेतो. इंजिनात जरा जास्त डिझेल सोडतो आणि गाळणीतलं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो. हे पंधरा-वीस मिनिटं चालतं. या काळात उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर राहतात, मीटरवरचं चालू ॲव्हरेज अचानक घसरतं, गाडी बंद केली तरी रेडिएटरचा पंखा घोंघावत राहतो आणि बॉनेटजवळ तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. पहिल्यांदा गाडी घेतलेली माणसं घाबरून शोरूमला फोन करतात. घाबरायचं काही नाही, गाडी साफसफाई करत असते.

अडचण होते ती ही साफसफाई अर्धवट तुटल्यावर. तरोडा नाका ते वजिराबाद हे अंतर दहा-पंधरा मिनिटांचं. सिग्नल, रिक्षा, मधे एखादी मिरवणूक. गाळणी तापायला लागते आणि मालक गाडी बंद करून दुकानात जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. हे डोळ्याने बघता येतं. सकाळी गाडी सपाट जागेवर उभी असताना, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पुन्हा घालून काढा. ऑइल वापरून कमी होतं हे आपल्याला माहीत आहे, पण इथं पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसते. बोटावर घेतलं तर पातळ लागतं, नाकाशी नेलं तर डिझेलचा वास येतो. असं ऑइल टर्बोला आणि बेअरिंगला राखू शकत नाही. ‘माझी गाडी ऑइल पीत नाही, उलट वाढतंच’ असं कौतुकाने सांगणारा मालक भेटला तर त्याला त्याच दिवशी ऑइल बदलायला पाठवा.

मीटरवर गाळणीचा दिवा पेटला की काय करायचं? पहिल्या टप्प्यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. टाकीत पाव टाकीहून जास्त डिझेल असू द्या. नांदेडकरांनी अर्धापूरच्या किंवा लोह्याच्या बाजूला, लातूरकरांनी औशाच्या किंवा चाकूरच्या बाजूला गाडी काढावी. एक गेअर खालचा ठेवून, आरपीएम २,००० च्या वर आणि वेग साठ-सत्तरच्या वर राखत वीस मिनिटं न थांबता चालवावी. नागपूर-तुळजापूर हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग या दोन्ही शहरांवरून जातो आणि चौपदरी झालाय, त्यामुळे ही सोय आपल्याला दाराशी आहे. दिवा विझतो. दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते, आणि मग वर्कशॉपमध्ये यंत्र लावून जाळावं लागतं. तेही हुकलं तर गाळणी बदलायचा खर्च मॉडेलनुसार लाखाच्या घरात जाऊ शकतो. आठवड्यातून एकदा लोह्यापर्यंत जाऊन यायची ज्याची तयारी किंवा गरज नाही, त्याने पेट्रोल घ्यावी. एवढं स्पष्ट बोलायला विक्रेत्यांनी का कचरावं, हे मला कळत नाही. त्यांच्याकडे पेट्रोलही विकायलाच असतं.

काही गॅरेजवाले गाळणी पोकळ करून किंवा सेन्सर फसवून देतो म्हणतात. करू नये. वॉरंटी जाते, ते बेकायदेशीर आहे आणि ती काजळी शेवटी आपल्याच गल्लीतल्या लेकरांच्या छातीत जाते.

गाळणीशी जोडलेला दुसरा प्रश्न ऑइलचा. काजळी जळून जाते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं आणि पुस्तिकेत त्याची श्रेणी छापलेली असते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं लिटरभर ऑइल ‘टॉप-अप’ म्हणून ओतणं हे गाळणीचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं आहे. डिझेलचंही तसंच. शेतावर ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल भरून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या ड्रमच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो. जुन्या इंजिनाला ते पचायचं. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार-दीड हजार बारच्या पुढच्या दाबाने केसासारख्या भोकातून फवारलं जातं, तिथं पाण्याचा थेंब इंजेक्टर खराब करतो. अडलं तर गावातून दोन लिटर घ्यायला हरकत नाही, पण कपड्यातून गाळून, ड्रमच्या वरच्या थरातून, आणि पुढच्या पंपावर टाकी भरून. डिझेल फिल्टरमधलं पाणी दाखवणारा दिवा लागला तर त्याच दिवशी ते काढून घ्या.

काही मॉडेलना डीईएफ नावाचं पाणीही भरावं लागतं. हे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असं मिश्रण असतं आणि धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर काम करतं. १ एप्रिल २०२३ पासून गाड्यांचं प्रदूषण प्रत्यक्ष रस्त्यावर मोजायचा नियम आला, त्यानंतर हे जास्त गाड्यांत दिसू लागलं. घेताना विचारा: या गाडीला डीईएफ आहे का, टाकी किती लिटरची, किती किलोमीटरला भरायची? ते संपलं तर गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही. सीलबंद कॅनच घ्या, आणि पंपावरच्या पोराला झाकण स्वतः दाखवा. डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं तर गाडी चालूच करू नका, तशीच ओढून न्या. शेतातला युरिया पाण्यात कालवून चालतो का, असंही विचारलं जातं. चालत नाही. त्यातली अशुद्धता ही यंत्रणा बंद पाडते.

आपल्याकडचा एक धोका कंपनीच्या पुस्तिकेत एका ओळीत असतो आणि खरीप-रब्बीच्या काढणीत तो रोज समोर येतो. गाळणी स्वच्छ होताना गाडीचा खालचा भाग भट्टीसारखा तापलेला असतो. खळ्यावर सोयाबीनच्या गुळीवर, कडब्याच्या पसाऱ्यावर, वाळल्या गवतात गाडी उभी केली की आग लागू शकते. शेजारी बनीम असेल तर वर्षाचं पीक जाईल. गावाकडच्या रस्त्यांवर उडीद, तूर, करडई मळायला पसरलेली असते, गाड्यांच्या चाकांनी रास व्हावी म्हणून. उंच दिसते म्हणून एसयूव्ही सरळ त्यावरून नेतात. काड्या चाकांच्या फिरत्या दांड्याला गुंडाळतात आणि तापलेल्या नळीला चिकटतात. अशा पसाऱ्यावरून जावंच लागलं तर पुढं गाडी थांबवून खाली वाकून बघा आणि काड्या काढून टाका. करपल्याचा वास आला तर ताबडतोब. काढणीनंतर उंदीर घराकडे वळतात आणि उभ्या गाडीच्या वायरी कुरतडतात, हाही दरवर्षीचा प्रश्न. गाडी धान्याच्या कोठीशेजारी लावू नये आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघावं, याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही. सर्व्हिस सेंटरला विकतात ते फवारे फार दिवस टिकत नाहीत.

इतकी काळजी घ्यायची तर डिझेल घ्यायचीच कशाला? कारण लांबच्या रस्त्यावर तिची बरोबरी होत नाही. व्हेन्यूचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन ११५ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क देतं, तिचंच डिझेल २५०. नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल १७० आणि डिझेल २६०, ३एक्सओचं डिझेल ३००. हे आकडे कळतात ते साखर कारखान्यांच्या हंगामात, दुपदरी रस्त्यावर, पुढं उसाची डबल ट्रॉली असताना. गाडीत पाच माणसं, एसी चालू, मागे सामान. समोरून मोकळी जागा थोडीच मिळते. त्या वेळी गेअर न बदलता पाय दाबला की डिझेल पुढं निघते, आणि रस्त्याच्या चुकीच्या बाजूला आपण कमी वेळ राहतो. माहूरगडाच्या घाटातही हाच अनुभव. १,५०० आरपीएमच्या खाली मात्र टर्बो जागा होत नाही, त्यामुळे गर्दीत सतत क्लचवर पाय राहतो. ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी नीट बघावं. नेक्सॉन आणि ३एक्सओच्या डिझेलला एएमटी आहे, त्यात गेअर बदलताना किंचित झटका जाणवतो आणि ती स्वस्त पडते. सोनेट आणि नव्या व्हेन्यूला टॉर्क कन्व्हर्टर आहे, तो मऊ चालतो. चाचणी घेताना शोरूमभोवतीची सपाट फेरी पुरत नाही, घरची चार माणसं बसवून एखादा उड्डाणपूल चढून बघा.

बोलेरोचं काय, हे इथं विचारल्याशिवाय राहत नाहीत. शिडीसारख्या चौकटीवर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी, कुठल्याही तालुक्याच्या मिस्तरीला हाताखालची. पावसाळ्यात काळ्या रानातल्या पाणंद रस्त्याने जायचं असेल तर भार टाकलेली बोलेरो पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मागे टाकते. चिखल तर कुठल्याच गाडीला सोडत नाही, काळी माती मडगार्डमध्ये भरून चाक जाम करते, तेव्हा एसयूव्ही या नावावर विसंबून ओल्या रानात घालू नये. पण घरचे लोक घेऊन नव्वदच्या वेगाने पुणे-हैदराबाद करायचं असेल तर मी बोलेरो सुचवणार नाही. नेक्सॉनने डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवले, पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. ३एक्सओला २०२४ मध्ये भारत एनकॅपने पाच तारे दिले. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत बोलेरो निओला एकच तारा मिळाला. शेतासाठी एक आणि प्रवासासाठी एक अशी ऐपत सगळ्यांची नसते. अशा वेळी गाडीत आठवड्यातून जास्त दिवस कोण बसतं, ते बघून ठरवावं.

अलीकडे डिझेलकडे वळायला आणखी एक कारण सांगितलं जातं, पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं की ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांचं ॲव्हरेज एक-दोन टक्के आणि इतरांचं तीन ते सहा टक्के घटू शकतं. नवी गाडी ई-२० साठीच बनलेली असते, त्यामुळे केवळ या भीतीने दीड लाख जास्त मोजायचं कारण नाही. आणि या इथेनॉलमध्ये लातूर जिल्ह्यातल्या कारखान्यांना घातलेल्या आपल्या उसाचाही पैसा आहे, एवढं तरी आपल्या भागाने लक्षात ठेवावं. सीएनजीचे पंप दोन्ही शहरांत आले आहेत, पण तालुक्यांकडे गेलं की विरळ होतात. शहरातच फिरणाऱ्याला मात्र डिझेलपेक्षा सीएनजी कितीतरी बरी.

विम्यात पैसे वाचवायची जागा एक आणि न वाचवायची एक. शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा दर काढून घासाघीस करावी. पण इंजिन संरक्षणाचं कलम वगळू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या खोऱ्यातल्या गावांत रातोरात पाणी शिरलं, पुढच्या महिन्यात मराठवाडाभर तेच झालं. पाण्यात बुडालेली गाडी चालू करायचा प्रयत्न केला की सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही. डिझेल इंजिनात दाब जास्त, म्हणून मोडतोडही जास्त. पूल पाण्याखाली असेल तर थांबावं, आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीची किल्ली फिरवू नये.

बंदीची भीती कितपत खरी आहे? १० वर्षांनी डिझेल बंद हा नियम दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्राचा, २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशातून आलेला. महाराष्ट्रात खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांचं असतं आणि पुढं तंदुरुस्ती तपासून पाच-पाच वर्षांनी वाढतं. २०२३ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या समितीने दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेल चारचाकी बंद कराव्यात असं सुचवलं, सरकारने ते स्वीकारलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचं आणि लातूर चार लाखांच्या आतलं शहर. पण आपली गाडी पुण्याला आणि हैदराबादला जाते, आणि विकत घेणारा गिऱ्हाईकही या बातम्या वाचतो. दहा वर्षं वापरायची तयारी असेल तर निश्चिंत घ्यावी. तीन वर्षांनी विकून नवी घ्यायची सवय असेल तर विकताना मिळणाऱ्या जादा पैशावर आजचा हिशोब उभा करू नये.

दिल्लीच्या या नियमाचा आपल्याशी संबंध येतो तो जुन्या गाड्यांच्या बाजारात. तिकडे मुदत संपत आलेल्या डिझेल गाड्या दूरच्या जिल्ह्यांत स्वस्तात येतात. हैदराबादहूनही येतात, कारण बाजार मोठा आणि नांदेडपासून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर. भाव ऐकून मन हलतं. अशा गाडीला तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, बँकेचा बोजा उतरलेला असावा लागतो, महाराष्ट्राचा कर वयाच्या प्रमाणात भरावा लागतो, आणि परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नोंदणी बदलावीच लागते. हे सगळं धरल्यावर वाचलेले पैसे बरेच आटतात. त्यापेक्षा एमएच-२६ किंवा एमएच-२४ ची, एकाच मालकाने लांब पल्ल्यावर चालवलेली गाडी जास्त किलोमीटर झालेली असली तरी घ्यावी. महामार्गावर सव्वा लाख किलोमीटर चाललेलं डिझेल इंजिन गल्लीत चाळीस हजार झालेल्या इंजिनापेक्षा बऱ्याचदा चांगलं निघतं. त्याची गाळणी मोकळी असते, क्लचप्लेट कमी झिजलेली असते. सर्व्हिस सेंटरवरचा इतिहास गाडीच्या नंबरवरून काढून घ्या आणि मीटरशी ताडून बघा. गाडी बघायला सकाळी जा, आणि आधी फोन करून सांगा की चालू करू नका. थंड इंजिनाचा पहिला आवाज, पहिला धूर आणि डिपस्टिकवरची पातळी या तीन गोष्टी तेव्हाच कळतात. बॉनेटवर हात ठेवल्यावर ते आधीच गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणून सांगा आणि बयाणा न देता परत फिरा.